पांढऱ्या बागेत दुपारी कोण येतं

चष्मेवालीनं ते घर घेतलं केवळ मागच्या अंगणापायी. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, एका भिंतीला ओल, आणि खिडक्या अशा की एक लावायला जावं तर दुसरी आपसूक उघडायची. दलालानंसुद्धा खोल्या दाखवताना फार रेंगाळू दिलं नव्हतं. पण मागचं दार उघडल्यावर तिनं जे पाहिलं त्यानं तिचा निर्णय तिथल्या तिथे झाला. चारी बाजूंनी पुरुषभर उंच भिंत, मधे मोकळी काळी माती, आणि कुणाचीही आवडनिवड अजून न लागलेली जागा.

मोठ्या रस्त्याच्या वळणावर तिचं चष्म्यांचं दुकान होतं. लोक तोंडावर तिला बाई म्हणत आणि पाठीमागे चष्मेवाली. धंद्यानंच ती थोडी संशयी झाली होती. डोळे तपासायला आलेली माणसं फार लबाड असतात. बाकावर नंबर येईपर्यंत समोरच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करतात आणि खुर्चीत बसल्यावर घडाघडा म्हणून दाखवतात. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. चष्मेवाली काही बोलायची नाही. उठायची, तक्ता उलटा करायची, आणि म्हणायची, "आता वाचा."

लग्न तिनं केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर ती थोरल्या भावाच्या घरी राहिली, आणि राहता राहता पन्नाशी ओलांडली. दादा स्वभावानं वाईट नव्हता, पण त्या घरात श्वासही दादाच्या पसंतीनं घ्यावा लागे. भिंतींचा रंग दादाचा, पडदे दादाचे, जेवणाची वेळ दादाची, बातम्यांचा आवाजही दादाचा. वहिनी बोलायचीच नाही. बोललीच तर तिचं वाक्य "हे म्हणतात की" इथूनच सुरू व्हायचं. पुढे पुढे चष्मेवालीच्या खोलीत आधी शिलाई मशीन आलं, मग जुन्या बॅगा आल्या, मग घडी घातलेली खाट. जा असं कुणी म्हटलं नाही. पण माणसाला जा म्हणायची ही एक रीत असते, हे तिला कळत होतं. तिचा पक्का समज होता की बोलतो दादा, पण त्याला चावी देते वहिनी.

म्हणून घर घेतलं, आणि घराच्या आधी बाग हातात घेतली.

बागेच्या बाबतीत ती हट्टाला पेटली होती. घाईघाईनं एकही रोप आणलं नाही. आधी एक लाकडी खुर्ची अंगणात नेली आणि कितीतरी दिवस ती नुसती हलवत राहिली. सकाळी या कोपऱ्यात, संध्याकाळी त्या. कुठून बसल्यावर शेजारच्यांची टाकी दिसत नाही, कुठे उतरतं ऊन पाठीवर येतं आणि डोळ्यांत जात नाही, कुठे वारा अडतो. बसायची जागा ठरल्यावर तिथून तिनं सगळी बाग उलट मोजत नेली. चुन्याच्या फक्कीनं मातीवर रेघा ओढल्या, पुसल्या, परत ओढल्या. सरळ पायवाट नको होती; वळण घेत जाणारी हवी होती, म्हणजे टोक एकदम दिसत नाही. वळणावर एक उथळ दगडी पात्र, पाण्यासाठी. आणि बाक बनवून घेतलं ते एकाच माणसापुरतं. सुतारानं दोनदा विचारलं, "एवढं आखूड?" ती म्हणाली, "एवढंच."

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे बागेत रंग नको. पानांचे हिरवे चालतील तितके, पण फूल पांढरं. त्यालाही कारण होतं. दिवसभर दुकानात तिच्या डोळ्यांवर लाल फ्रेमा, निळ्या काचा, चकचकीत आरसे, रंगीत लेन्स लावून हसणाऱ्या बायकांची पोस्टरं आदळत असत. लोकांच्या डोळ्यांची काळजी घेता घेता स्वतःच्या डोळ्यांना विसावा कुठे, तर इथे. तगर, अनंत, मोगरा, भिंतीवर जाई, सावलीत नेचे. बस्स.

हे ऐकून जो तो सल्ला द्यायला पुढे सरसावला.

रोपवाटिकेचा मालक, ज्याला सगळे रोपवाला म्हणत, तो तर हिरमुसलाच. "बाई, रंगच नको? लोक माझ्याकडे येतात कशाला मग?"

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहत. त्यांना सारी गल्ली कर्नल म्हणे. फौजेत ते कधीच नव्हते. सारा जन्म कापड गिरणीत कोण किती वाजता आला हे टिपण्यात गेलेला. पण मिशा आणि चाल अशी की नाव चिकटलं. ते भिंतीवरून म्हणाले, "फुलं काय खायची आहेत? मिरच्या लावा, टोमॅटो लावा. जमिनीला कामाला लावा!"

दादा पहिल्यांदा घर बघायला आला तेव्हा अंगणाच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "सरळ फरश्या घालून टाक. चिखल नाही, डास नाहीत." मग आवाज उतरवून, "आणि एक किल्ली आमच्याकडे राहू दे. एकटी राहतेस. अडीअडचणीला बरी."

वहिनी तेवढ्या वेळात काहीच बोलली नाही. पायवाटेवरून शेवटपर्यंत चालत गेली, खाली वाकली, मुठीत माती घेतली, चुरगळून पाहिली. मग विचारलं, "सगळंच पांढरं?"

"सगळंच."

वहिनीनं माती हळूच परत टाकली. चष्मेवालीला ते बघणं आवडलं नाही. मनात म्हणाली, आता इथेही काहीतरी खोट काढेल.

बाग धरली. जाईनं भिंत पकडली, तगरीला कळ्या आल्या. चष्मेवाली संध्याकाळी दुकान बंद करून येई आणि अंधार पडेपर्यंत बाकावर बसे. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटत होतं की आपण कुणाच्या घरात बसलेलो नाही.

मग एके दिवशी अनंताच्या बुंध्याशी एक अनोळखी रोप दिसलं. तिला वाटलं, पाखरानं बी टाकलं असेल. उपटायचं राहून गेलं आणि आठवड्याभरात ते तरारून वर आलं. एका संध्याकाळी ती येऊन बघते तो त्यावर भडक राणी रंगाची गुलबक्षी फुललेली. पांढऱ्या बागेत ती अशी दिसत होती जशी शांत बसलेल्या माणसांत कुणी एकदम मोठ्यानं हसावं. तिनं ते मुळासकट उपटून फेकलं.

पुढच्या आठवड्यात नेच्यांच्या मागे कर्दळ. कर्दळीचा कंद काही पाखराच्या चोचीतून पडत नाही. तो कुणीतरी खड्डा खणून पुरावा लागतो. चष्मेवालीच्या मनात पाल चुकचुकली.

तिनं डोळ्यांत तेल घालून बघायला सुरुवात केली. खुरपं ती नेहमी दाराशी, पातं खाली करून ठेवी. ते आता भिंतीला टेकून उभं असे. शिवाय धुतलेलं. तिनं स्वतः खुरपं कधी धुतलं नव्हतं. संध्याकाळी माती कोरडी असायला हवी, तर काही ठिकाणी ओल. मोगऱ्याची वाळकी पानं कुणीतरी खुडून एका जागी नीट गोळा केलेली. चोरी म्हणावी तर काहीच गेलेलं नाही. उलट कुणीतरी येऊन देऊन जात होतं, आणि तेच जास्त भयंकर होतं. घेऊन जाणाऱ्या माणसाला काय हवं ते तरी कळतं.

पहिला संशय रोपवाल्यावर. त्याचा माणूस खत टाकायला येऊन गेला होता. आज फुकट लावील आणि उद्या म्हणेल, बघा कशी शोभतात, अजून घ्या. ती तडक रोपवाटिकेत गेली.

"तुमच्या माणसानं माझ्या बागेत कर्दळ लावली का?"

रोपवाल्यानं हातातली झारी खाली ठेवली. "फुकट?"

"फुकट."

"बाई, माझ्या सख्ख्या मेव्हणीनं तुळशी मागितल्या तर मी तिला कुंडीचे पैसे मागतो. वर्षभर बोलत नाही ती माझ्याशी. आणि तुमच्याकडे येऊन गुपचूप कर्दळ लावीन? वेडा झालो की काय मी?"

इतका मनापासून तो दुखावला होता की तिला त्याचं म्हणणं पटलं.

मग कर्नल. त्यांच्या बाजूची भिंत सगळ्यांत बुटकी. जमिनीला कामाला लावायची हौस त्यांना होतीच, आणि म्हातारपणी वेळ कुणाचाच जात नाही. तिनं सकाळी निघताना त्या भिंतीलगत बारीक वाळू पसरून ठेवली. संध्याकाळी वाळू जशीच्या तशी. फक्त भिंतीच्या वर कर्नलांचं डोकं होतं. ते स्टुलावर उभे राहून बघत होते.

"काय शोधताय?" तिनं वळून विचारलं.

कर्नल गडबडले. मग छाती काढून म्हणाले, "शोधत नाही. बघत होतो तुम्ही आहात का. एक विचारायचं होतं. दुपारी तुम्ही गुणगुणता ते कोणतं गाणं?"

"कोण गुणगुणतं?"

"तुम्हीच की. दुपारी. मी जरा आडवा होतो तेव्हा ऐकू येतं. शब्द कळत नाहीत, पण आवाज गोड आहे हो तुमचा. बोलताना वाटत नाही."

"दुपारी मी दुकानात असते."

कर्नलांच्या मिशा खाली आल्या. अंगणात वारा नव्हता. तिला एकाएकी त्या वळणाच्या पायवाटेचं टोक दिसत नाही हे बरं वाटेना.

"मग मी उद्यापासून लक्ष ठेवतो," कर्नल म्हणाले. पण सांगताना ते स्टुलावरून उतरत होते, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी त्यांच्या त्या बाजूच्या खिडक्या लावलेल्या दिसू लागल्या.

बाकीच्या भिंतींलगतही तिनं वाळू पसरून पाहिली; तीही जशीच्या तशी राहिली. कुलूप कुठे तुटलेलं नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी. म्हणजे जो कोणी येत होता तो पुढच्या दारानं, किल्लीनं येत होता. दुसरी किल्ली दादाकडे होती, पहिल्याच भेटीत त्यानं मागून नेलेली. हे लक्षात आलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आता सगळं जुळत होतं. एकटीनं राहणं जमत नाही हे तिला पटवायचं, घाबरवायचं, आणि गुमान परत आणायचं. घर विकून पैसा घरात. दादा स्वतः काही हातानं माती उकरणार नाही. कुणाला तरी पाठवत असेल. फोनवर तो हल्ली दर दोन दिवसांनी विचारायचाच, "सगळं ठीक ना तिकडे? काही वेगळं, विचित्र वगैरे नाही ना?" भाऊ काळजी करतो असं तिला आजवर वाटलं होतं. आता कळलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

त्याला तोंडावर विचारायचं तिनं ठरवलं, आणि योग असा की तोच दुकानात आला. वाचायच्या चष्म्याची काडी सैल झाली होती. ती काडी आवळू लागली. शब्द ओठांवर आलेच होते, एवढ्यात दादा इकडेतिकडे बघत म्हणाला, "आज ही आली नाही अजून?"

"कोण?"

"तुझी वहिनी. रोज दुपारी बोलावतेस ना तिला मदतीला. काचा पुसायला, हिशेबाला. मी म्हटलं, ठीक आहे, तुझ्याही हाताखाली कुणी हवं. पण घरी फोन करावा तर उचलायला माणूस नाही." त्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "येते ना ती इथे?"

स्क्रूड्रायव्हर चष्मेवालीच्या हातात तसाच थांबला. वहिनीनं गेल्या कित्येक महिन्यांत दुकानाची पायरी चढलेली नव्हती.

तिनं खरं सांगायला हवं होतं. पण दादाचं ते रोखून बघणं तिला फार जुनं ओळखीचं होतं. कुठे होतीस, कुणाबरोबर, एवढा वेळ का. त्या नजरेसमोर इतकी वर्षं ती स्वतः उभी राहिलेली. तिच्या तोंडून निघून गेलं, "येते की. आज थोडी उशिरा येईन म्हणाली."

दादा चष्मा लावून, मान हलवून गेला. तो वळणाआड होईपर्यंत ती काउंटरमागे उभी राहिली. मग दुकानाचं शटर ओढलं. भर दुपारी शटर ओढलं तसा शेजारचा शिंपी बाहेर आला. "कुणी गेलं का?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं. ती उत्तर न देता चालू लागली.

पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं तेव्हाच ऐकू आलं. गुणगुण. हळू, एकाच ओळीभोवती फिरणारी, काम करणाऱ्या माणसाची. हा आवाज तिनं आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता, हे ती छातीवर हात ठेवून सांगू शकली असती. आणि तरी मागच्या दारात उभी राहून बघते तो समोर वहिनी.

वहिनी उकिडवी बसली होती. बाह्या कोपरांच्या वर, नाकाच्या शेंड्याला माती, केस सुटलेले. शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली झेंडूची रोपं. सावली पडली तशी तिनं मान वर केली. गुणगुण थांबली. पण ती दचकली नाही.

"वन्सं," ती म्हणाली. "आज लवकर बंद केलंत?"

"दादानं पाठवलं ना तुम्हाला?"

वहिनीला आधी कळलंच नाही. मग ती हसली. मोठ्यानं, तोंडावर हात न घेता. "यांनी? यांना वाटतं मी तुमच्या काचा पुसते."

"मला घाबरवायला. घर विकायला लावायला."

"झेंडू लावून?"

हे खरं तर बरोबर होतं, पण त्यानं चष्मेवाली आणखीच भडकली. "मग काय चाललंय हे? महिनाभर माझी झोप उडालीय! शेजारचे म्हातारे भुताच्या भीतीनं खिडक्या लावून बसलेत. ही माझी बाग आहे, वहिनी!"

"माहीत आहे."

"माहीत आहे आणि तरी? मी एकेक जागा मोजून, बसून, बघून ठरवली. रंग नको म्हटलं तर नको. तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

वहिनीनं खुरपं खाली ठेवलं आणि हात एकमेकांवर घासून माती झाडली. "मला कुणीच कधी काही विचारलं नाही. आता खरं बोलू का? ही तुमची बाग मला आजाऱ्याच्या खोलीसारखी वाटते. पांढरी चादर, पांढरी उशी, हळू बोला. पहिल्या दिवशी आले तेव्हापासून वाटत होतं, इथे कुणीतरी हसायला हवं."

आजवर बागेबद्दल लोकांनी पुष्कळ काही म्हटलं होतं. पण हे लागलं. चष्मेवाली म्हणाली, "तुम्हाला हसायचं तर स्वतःच्या घरी हसा."

"तिथे कुंड्या ठेवल्या होत्या मी. तुम्ही होता तेव्हाच. बाल्कनीत."

चष्मेवालीला आठवलं. लाल, केशरी काहीतरी होतं खरं, आणि मग नव्हतं.

"खालच्या मजल्यावर पाणी झिरपतं म्हणाले. काढून टाकल्या. मग खिडकीत ठेवल्या, तर पडद्याला डाग पडतात म्हणाले. मग मी सोडून दिलं." वहिनी हे असं सांगत होती जसं कुणी बस चुकल्याचं सांगावं. "पहिल्यांदा एकटी इथे आले ती खरंच पाणी घालायला. त्या आठवड्यात तुम्ही दुकानातून उशिरा येत होतात, आणि कडक ऊन. किल्ली होती. आले, पाणी घातलं, बसले. कुणी हाक मारेना. म्हटलं उद्या परत येऊ."

"मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही या म्हणाला असता?"

तक्ता उलटा झाला होता आणि आता वाचायची पाळी चष्मेवालीची होती. तरी एक जुनं शल्य बाहेर आलंच. "तुम्हालाच मी घरात नको होते. शिलाई मशीन कुणी आणून ठेवलं माझ्या खोलीत?"

"यांनी. बॅगाही यांनीच. तुम्ही गेलात त्या दिवशी मी न्हाणीघरात रडले. तुमच्यासाठी रडले असं म्हणणार नाही. तुम्हाला जाता आलं, म्हणून रडले."

वाऱ्यानं जाईची दोनचार फुलं दोघींच्या मधे पडली. चष्मेवालीनं हात पुढे केला. "किल्ली."

वहिनीनं खिशातून किल्ली काढून दिली. वर्तमानपत्रातली रोपं उचलली, नाकावरची माती तशीच ठेवून पुढच्या दारानं निघून गेली.

त्यानंतर चष्मेवालीनं बाग चाळून काढली. कर्दळ, झेंडू, नेच्यांत लपवलेली झिनियाची दोन रोपं, सगळं उपटलं. बाग पुन्हा तिच्या मनासारखी झाली. ती बाकावर बसली आणि कितीही वेळ बसली तरी तिला आजाऱ्याची खोली दिसत राहिली. एका वाक्यानं बाग नासवली, असं म्हणून ती वहिनीवर चिडली, आणि मग चिडण्यातही दम राहीना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फोन वाजला. दादा होता. "आली का ही?"

"आलीय," चष्मेवाली म्हणाली. "काचा पुसतेय."

वहिनी कुठे आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. पोरासोरांसारखी ती खोटं बोलत होती, आणि तेही जिला कालच घराबाहेर काढलं तिच्यासाठी. रात्रीपर्यंत तिला तो विचार पुरला. सकाळी दादा कामावर गेल्याची खात्री करून ती त्याच्या घरी गेली.

वहिनी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. चष्मेवाली बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "पाण्याच्या नळाजवळचा कोपरा तुम्ही घ्या. तिथे काय रंग उधळायचा तो उधळा. दुपारी या. चोरून नको, सरळ या."

तिला वाटलं होतं वहिनीचे डोळे भरून येतील. वहिनीनं पातेलं पालथं घातलं, हात पुसले.

"नको, वन्सं."

"का नको?"

"मी तिथे झेंडू लावीन. तुम्ही रोज बघाल. तोंडानं काही म्हणणार नाही, पण नाक मुरडाल. मग मी दोन रोपं कमी लावीन. मग अजून दोन. मला ते सगळं पाठ आहे." ती थोडी थांबली. "आणि तुमच्या बागेत तो रंग शोभत नव्हता, हे मला लावतानाही कळत होतं. तुम्ही ती फार विचार करून केलीय. आजाऱ्याची खोली म्हटलं ते रागानं."

"खरं काय ते सांगा."

"थोडं रागानं," वहिनी म्हणाली.

चष्मेवालीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. वहिनीनं मधेच विचारलं, "तुमच्या भिंतीच्या बाहेर, रस्त्यापर्यंत ती जी पट्टी आहे ना, कचरा टाकतात लोक, ती कुणाची?"

"कुणाचीच नाही. नगरपालिकेची असेल."

"म्हणजे माझ्या आड कुणी येणार नाही."

"दादा येईल की."

"ते येतीलच," वहिनी म्हणाली. "त्यांना आज सांगते मी."

काय सांगितलं आणि कसं, ते चष्मेवालीला कळलं नाही. त्या संध्याकाळी दादाचा फोन आला तो नुसता एवढा, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "हो." दादानं फोन ठेवला आणि पुढे बरेच दिवस केला नाही. भाऊ रुसला याचं तिला वाईट वाटलं. दुकानात काडी आवळताना हात थांबायचा. पण तिनंही फोन केला नाही.

बाहेरच्या पट्टीत आधी नुसता कचरा निघाला. काचा, चिंध्या, एक गंजलेली सायकलची साखळी. वहिनी रोज दुपारी येई, आणि दुकान बंद असेल त्या दिवशी चष्मेवालीला भिंतीपलीकडून खणल्याचा आवाज ऐकू येई. वहिनीनं काही आखलं नाही, मोजलं नाही. हाताला येईल ते लावलं. सूर्यफुलं, झेंडू, लाल कर्दळ, जांभळं, पिवळं, सगळं खांद्याला खांदा लावून, जणू बसला गर्दी झालीय. ते फुललं तेव्हा रस्त्यानं जाणारी माणसं थबकू लागली. कचरा टाकायला आलेल्या एकानं पिशवी तशीच परत नेली. कर्नलांनी खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांना सांगत सुटले की गाण्याचा छडा त्यांनीच लावला. रोपवाला मुद्दाम बघून गेला आणि चष्मेवालीला म्हणाला, "बघा, याला म्हणतात बाग."

"माझा त्यात हात नाही," ती म्हणाली.

आणि एके दिवशी दादाही आला. हात पाठीमागे बांधून त्या पट्टीसमोर बराच वेळ उभा राहिला, जणू कुणी त्याच्याकडे तक्रार घेऊन आलंय. वहिनी खुरपत होती. ती उठली नाही.

"रस्त्यावरच्या लोकांसाठी एवढी मेहनत?" त्यानं विचारलं.

"हो," वहिनी म्हणाली.

वाक्य "हे म्हणतात" इथून सुरू झालं नाही. दादानं वाकून एक झेंडू बोटानं हलवून पाहिला, खरा आहे की काय याची खात्री केल्यासारखं, आणि आत येऊन बहिणीकडे पाणी मागितलं. तेवढ्यावर त्या भावंडांचं बोलणं परत सुरू झालं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून हाक येते, "वन्सं, नळ सोडा!" बाहेर नळ नाही, पाण्याची नळी चष्मेवालीच्या अंगणातून भिंतीवरून पलीकडे टाकलेली असते. ती उठते, नळ सोडते आणि तिथेच उभी राहते. इकडे तगर, अनंत, सगळं गप्प. पलीकडे गुणगुण चालू होते. पाणी किती वेळ चाललंय याकडे तिचं लक्ष असतंच. एवढ्याशा पट्टीला एवढं पाणी कसं लागतं हे तिला पटत नाही. पट्टी कोपऱ्यापाशी संपते, पण वहिनी आताशा पुढे कर्नलांच्या भिंतीखालीही काहीतरी उकरतेय असा तिला दाट संशय आहे.

"अजून किती?" ती ओरडून विचारते.

"थोडंच!" वहिनी पलीकडून म्हणते.

चष्मेवाली नळ चालू ठेवते, आणि चपला पायात सरकवून, बघून यावं म्हणून पुढच्या दाराकडे निघते.